झोका न घेतलेला नाडा

"माझ्यावर ध्यान ठेवा बरं का."

दगडोबा हे जिथंतिथं बोलायचा. शेताला निघालेल्या बाईनं घराची किल्ली त्याच्याकडं दिली, की ती कनवटीला खोचता खोचता म्हणायचा, माझ्यावर ध्यान ठेवा. बाजारात कुणी गाठोड्याजवळ बसवून गेलं तरी तेच. गावातली धोंडाबाई म्हातारी एकदा त्याला म्हणाली, "आरं, समदं गाव तुझ्यावर ध्यान ठेवीत बसलं, तर आमच्यावर कुणी ठेवायचं?"

"तुमचं तुमी बगा, आजे. माझं मला एकट्याला झेपत न्हाई."

लोक हसायचे. त्यांना वाटायचं, भल्या माणसाची बोलायची तऱ्हा आहे. मुरुडच्या पल्याड, माळाच्या पोटाशी वसलेल्या आमच्या हिंगणवाडीत ही तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची होती. पुढं एका उन्हाळ्यानंतर ते ऐकून हसणं बंद झालं. त्या उन्हाळ्याची ही हकिगत आहे.

दगडोबा दोर वळायचा. त्याच्या बापजाद्यांचं तेच काम. अंबाडीच्या सालीचा धागा, म्हणजे वाख, सोलायचा, झोडायचा, विंचरायचा आणि त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं, नाडे करायचे. नाडा म्हणजे विहिरीवरचा मनगटाएवढा जाड दोर. मोटा गेल्या, इंजिनं आली, बाजारात नायलॉनचे रंगीत दोर लोंबू लागले, तरी विहिरीत माणूस सोडायचा म्हटलं की गाव दगडोबाच्या दारात यायचं. नायलॉन चाकावरून सटकतो, अंबाडी धरून राहते, असं जुनी माणसं सांगायची.

दोर वळणारा माणूस उलटा चालतो. एका टोकाला बायकोनं, केवळाबाईनं, लाकडी फिरकी फिरवायची आणि याच्या पोटाशी बांधलेल्या वाखातून दोराचा पदर सुटत जायचा, तसा हा पाऊल पाऊल मागं सरायचा. येशूच्या देवळापासून वेशीपर्यंतच्या रस्त्यावर त्याला असं मागं मागं जाताना सगळ्या गावानं पाहिलेलं. बैलगाडी आली तर गाडीवान थांबायचा. दगडोबाला पाठीमागचं दिसत नसे, पण त्याच्यावर कधी गाडी आली नाही.

देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर पत्रे. दारात रुळाचा एक तुकडा टांगलेला, तोच घंटा. निजामाच्या राज्यात उदगीरकडून आलेल्या मिशनच्या माणसांनी दगडोबाच्या बापाला बाप्तिस्मा दिला होता. दगडोबाचंही देवळातलं नाव दानिएल. पाळकसाहेब महिन्यातून एकदा लातूरहून सायकल एसटीच्या टपावर टाकून यायचे आणि तेवढे त्याला दानिएल म्हणायचे. बाकी गाव दगडोबाच म्हणायचं. त्यावर त्याचा एक विनोद होता. "बरं झालं की दानिएलनं केलं म्हणायचं, वंगाळ झालं की दगडोबावर ढकलायचं. सोय हाय."

पाळकसाहेब एकदा माणसाच्या हृदयातल्या लढाईवर बोलले. माणसाला चांगलं करावंसं वाटतं आणि हातून भलतंच होतं, असं काहीसं. देऊळ सुटल्यावर दगडोबा त्यांना म्हणाला, "साहेब, हे तर माझ्या धंद्यातलं हाय. पदराला पीळ एका अंगाचा आन दोराला पीळ दुसऱ्या अंगाचा. म्हणून तर दोर सुटत न्हाई. माणसाच्या आत बी दोन पीळ हायत. दोरातले एकमेकाला धरत्यात, माणसातले एकमेकाला सोलत्यात."

पाळकसाहेब म्हणाले, "तू उपदेशक व्हायचास."

"नगं साहेब. मग माझ्यावर ध्यान कोण ठेवील?"

गावाची एक रीत होती. नवा नाडा विहिरीवर जायच्या आधी वेशीबाहेरच्या चिंचेला बांधायचा. ज्यानं वळला त्यानं त्याला फळी अडकवून बसायचं, ख्रिस्ती वाड्यातल्या दोन दणकट गड्यांनी त्याच्या अंगाला धरून चढायचं आणि कोरड्या ओढ्यावरून तिघांनी झोका घ्यायचा. ज्यानं वळला त्यानं आधी आपला जीव टांगायचा, मग दुसऱ्याचा. झोका झाला की नाड्यावर पाणी शिंपडून तो विहिरीवर न्यायचा. पाणी शिंपडायचं ते कशासाठी, हे सांगायला नको. ज्या विहिरीला दगडोबाच्या माणसांनी हात लावायचा नाही, तिच्यात उतरणारे जीव मात्र त्याच्या हातच्या दोराला लोंबकळत.

लातूरचा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. उस्मानाबादला खेटे घालायचे संपले म्हणून आमच्याकडंही पेढे वाटले होते. पण जिल्हा आला आणि पाऊस गेला. ओढा आटला, मग मळ्यातल्या विहिरी, मग बोअरचे हापसे नुसती हवा ओकू लागले. त्या उन्हाळ्यात गावविहिरीच्या तळाशी हिरवट डबकं राहिलं. गुरांच्या पाठीची हाडं मोजावीत अशी वर आली. नव्या कचेरीतून निरोप आला, की गावानं श्रमदानातून विहिरीतला गाळ काढून खडक मोकळा केला, तर सुरुंगाची माणसं आणि यंत्र सरकार देईल. साहेब स्वतः बघायला येणार होते, तेही आठवड्याच्या आत.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. सरपंच शेषेराव आणि सिद्रामअण्णा या दोघांनी गावासमोर सांगितलं, की असल्या काळात विहिरीला वरचं टोक आणि खालचं टोक नको, ख्रिस्ती वाड्यातल्या बायकांनीही हातानं शेंदावं. काही लोक कुरकुरले. सिद्रामअण्णा म्हणाला, "मी लिंगायत. माझ्या गळ्यात लिंग हाय, त्याला चालतंय. तुमच्या कशाला न्हाई चालत ते सांगा." सिद्रामअण्णा तेव्हा तिशीचा, उंचापुरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलायला मोकळा. गाळ काढायला पहिला मीच उतरणार, असंही त्यानंच सांगून टाकलं होतं.

तर सिद्रामअण्णा आणि शेषेराव सरपंच नाड्याचं सांगायला दगडोबाच्या दारी आले.

"शरणार्थ, दगडोबा."

"सलाम अण्णा. सलाम सरपंच. बसा."

केवळाबाईनं घोंगडं टाकलं. सिद्रामअण्णा खरंच बसला. असं यापूर्वी झालं नव्हतं.

"नाडा पायजे. लांब. तळ लई खाली गेलाय. दोन-तीन दिसांत."

"वाखाची वानवा हाय अण्णा. औंदा अंबाडी भिजवाया पाणी कुठं हुतं? पण करतो. झोका कधी घ्यायचा?"

"आता झोका-बिका नगं," शेषेराव म्हणाला. "साहेब यायचा हाय. तुझ्या नाड्याला कसला झोका? पोरं म्हणत्यात, दगडोबाचा दोर तुटला तर दगडोबाच खोटा निघाला म्हणायचं, आन ते काय व्हायचं न्हाई."

दगडोबा उठून उभा राहिला. "न्हाई सरपंच. झोका व्हायला पायजे. माझ्यावर ध्यान ठेवा."

दोघंही मोठ्यानं हसले. सिद्रामअण्णानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येड्या, साऱ्या गावात एक इमानी माणूस हाय, त्याच्यावर आनि काय ध्यान ठेवायचं? तुझ्या इमानावर सोडलं."

मग दोघांचं आपापसात सुरू झालं. टँकर आला तर पाणी आधी वाड्यावस्त्यांना द्यायचं की छावणीतल्या जनावरांना. शेषेराव म्हणाला माणसांना. सिद्रामअण्णा उठता उठता, धोतर झटकत, हसत म्हणाला, "आधी बैलं, मग माणसं. बैल मेला तर माणूस कशावर जगंल?"

ते दोघं गेले. दगडोबा उभा होता तसाच उभा राहिला. केवळाबाई घोंगडं झटकत होती. तिनं ते एकदाच झटकलं आणि हातात धरून ठेवलं.

हे वाक्य दोघांनाही माहीत होतं. याच माणसाच्या तोंडचं.

बाहत्तरच्या दुष्काळात केवळाबाई खडी फोडायला जायची. पोटात मूल होतं, दिवस भरत आलेले. भर दुपारी ती घागर घेऊन गावविहिरीवर आली. तेव्हा वरच्यांनी पाणी वरून ओतायचं, खालच्यांनी घागर खाली धरायची. सिद्राम तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. दगडी डोणीवर त्याचे बैल पीत होते. ती म्हणाली, "मालक, घोटभर वाढा." तो म्हणाला, "बस तिथंच. आधी बैलं, मग माणसं." बैल पिऊन झाले. तो त्यांना घेऊन घराकडं गेला, जेवला, आणि विसरला. बाकी कुणी आलं नाही. केवळाबाई उन्हात रिकाम्या घागरीशी बसून राहिली. स्वतः उठून शेंदणं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. सावल्या लांब झाल्यावर कुणी बाई आली, तिनं पाणी घातलं. पण घागर कमरेवर घेतानाच तिच्या पोटात कळ निघाली. मूल मेलेलं झालं. पुढं त्यांना मूल झालं नाही.

दगडोबानं त्या वेळी पाळकांसमोर गुडघे टेकून सांगितलं होतं, की मी क्षमा केली. ते त्याला खरंही वाटलं होतं. ओढ्याच्या काठावर वाळलेली लव्हाळी बघून माणसाला वाटतं, गेलं हे गवत. पण मुळं खाली ओल धरून असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वाख काढला. माळ्यावरच्या जुन्या पेंढ्या चांगल्या होत्या, सोनेरी, चिवट. पण कोपऱ्यात एक पेंढी वेगळी ठेवलेली होती. गेल्या साली डबक्याच्या थोडक्या पाण्यात जास्त दिवस राहून ती कुजली होती. काळपट पडली होती, ओढली की कापसासारखी सुटायची. केवळाबाईनं ती उशीत भरायला म्हणून ठेवली होती.

दगडोबानं ती हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली.

आतून कुणीतरी बोलू लागलं. ते ओरडून बोलत नव्हतं. गावच्या तलाठ्यासारखं शांत, हिशोबी बोलत होतं. वाख कमीच आहे, दगडोबा. तू सांगितलंसच की वानवा आहे. एक पदर आतला असा घातला तर काय बिघडतं? बाकीचे धरतील. आणि न धरले, तर तू झोका घ्या म्हणालास, त्यांनी घेतला नाही. तू काहीच केलं नाहीस.

हे शेवटचं त्याला फार बरं वाटलं. तू काहीच केलं नाहीस. सिद्राम तरी तेव्हा काय करत होता? काहीच नाही. जेवायला गेला होता.

त्या दिवशी त्यानं केवळाबाईला फिरकीला बोलावलं नाही. फिरकी खांबाला अडकवली आणि एकटाच खेटे घालत राहिला. नाड्याच्या मधला पदर कुजक्या वाखाचा झाला. त्यावर चांगले पदर असे घट्ट बसवले, की बघणाऱ्यानं हात फिरवावा आणि वाहवा म्हणावं. आयुष्यात इतका देखणा नाडा त्याच्या हातून उतरला नव्हता. उलटा चालत तो वेशीबाहेर गेला, तेव्हा पहिल्यांदा त्याची पाठ चिंचेच्या बुंध्यावर आपटली.

नाडा सिद्रामअण्णाच्या वाड्यावर पोचवून तो घरी आला आणि भाकरीपुढं बसला. केवळाबाईनं विचारलं, "ती सडकी पेंढी कुठं गेली?"

"कोणती?"

"कोपऱ्यातली. उशीची."

"चुलीत घातली."

केवळाबाई चुलीकडं बघत राहिली. कुजका वाख जळला की घरभर वास राहतो. घरात वास नव्हता. तिनं भाकरी वाढली, कालवण वाढलं, आणि स्वतः न जेवता बाहेर जाऊन बसली.

तेव्हापासून दगडोबाला एका जागी बसवेना. अंथरुणावर पाठ टेकेना. देवळात जाऊन त्यानं कालच झाडलेलं पुन्हा झाडलं. रुळाचा तुकडा उगीच पुसला. प्रार्थनेला बसला, तर ओठांवर शब्द यायचे आणि मधेच तो तलाठी बोलायचा. कधी म्हणायचा, नाडा टिकेल, तू भितोस कशाला. कधी म्हणायचा, तुटला तर न्याय झाला म्हण. दोन्ही एकाच आवाजात.

तो सांगायला निघाला. सिद्रामअण्णाच्या वाड्यावर गेला. अण्णा ओसरीवर नाडाच बघत बसला होता.

"ये ये. आरं, काय वळलास रे! माझ्या बापानं सुद्धा असला बघितला नसंल." त्यानं आत हाक मारली, "चहा आणा दोन. दोन्ही कपबश्यांत." मग हळू आवाजात म्हणाला, "बाहेरच्या फुटक्या कपाचं आता बंद केलंय. आई कुरकुरती, पण बंद केलंय."

दगडोबानं चहा बशीत ओतला आणि बशी तशीच खाली ठेवली.

"काय काम काढलं हुतं?"

"काय न्हाई अण्णा. चाकाला वंगण घालून घ्या म्हणाया आलो."

"घालतो की."

वाड्यातून निघून तो वेशीबाहेरच्या चिंचेखाली जाऊन बसला. लोकांनी विचारलं, तर म्हणाला, ऊन लागलं.

रविवारी पाळकसाहेब आले. महिन्याचं प्रभुभोजन होतं. आमच्या देवळात याचीही एक रीत होती. भाकरीचं ताट आणि प्याला रांगेनं फिरायचा, आणि ज्याच्या मनात शेजाऱ्याबद्दल विष आहे त्यानं तो न घेता पुढं द्यायचा. आधी जाऊन मिटवून यायचं, मग घ्यायचं. पण कुणी पुढं दिलेलं कुणाला आठवत नव्हतं. भांडणारे लोक सरळ त्या रविवारी देवळातच यायचे नाहीत. ताट दगडोबापाशी आलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, त्याच्याकडं बघितलं आणि शेजारी बसलेल्याच्या हातात दिलं. प्यालाही तसाच.

देऊळ सुटल्यावर पाळकसाहेबांनी त्याला गाठलं. "दानिएल, कुणाशी बिनसलंय?"

"साहेब, एक इचारू? पापाची कबुली देवासमोर दिली तर पुरं हुतं का?"

"देव सगळं ऐकतो."

"देवाला तर म्या करायच्या आधीच म्हाईत हुतं. त्याला सांगून काय उपेग?" एवढं बोलून तो निघून गेला. पाळकसाहेबांची एसटी होती. ते सायकल टपावर चढवून गेले.

सोमवारी सकाळी सगळं गाव विहिरीवर लोटलं. नारळ फुटला, बेल वाहिला. चाकाला वंगण लावलेलं, त्यातून नवा नाडा ओवलेला. टोकाला फळी. सिद्रामअण्णानं धोतराचा काचा मारला होता. कपाळावर ताजी विभूती. ख्रिस्ती वाड्यातल्या बायका घागरी घेऊन आल्या होत्या, त्यात केवळाबाई होती. मुभा मिळाली तरी त्या सवयीनं लांबच उभ्या होत्या. दगडोबा त्यांच्याही मागं.

अण्णा फळीकडं निघाला, तसा दगडोबा पुढं आला. पण विहिरीच्या ओट्याच्या पायरीपाशी थांबला.

"अण्णा, झोका न्हाई झाला. मला आधी सोडा खाली."

"झालं ह्याचं सुरू!" कुणीतरी म्हणालं.

"अण्णा, ऐका. मला सोडा."

शेषेराव वैतागला. "दगडोबा, साहेबाची जीप यायची वेळ झाली. तुझं म्हणणं काय, नाडा कच्चा हाय?"

दगडोबानं नाड्यावरून नजर काढली. "म्हणजे... रीत हाय म्हणून."

"रीतच पायजे ना? दगड बांधा रं फळीला."

गड्यांनी जात्याची एक मोठी तळी आणि वर दोन धोंडे बांधले, माणसापेक्षा जड. चाक कुरकुरलं. धोंडे खाली गेले, तळाच्या चिखलात टेकले, पुन्हा वर आले. नाडा कण्हलासुद्धा नाही.

"झालं समाधान?" शेषेराव म्हणाला. लोक हसले. धोंडाबाई म्हणाली, "आता तरी ह्याच्यावर ध्यान ठेवायचं सोडा."

आणि दगडोबाच्या आतला तलाठी त्या दिवशी सगळ्यांत गोड बोलला. बघ, देवानंच राखलं. तुझं पापही राहिलं नाही आणि पदरही तुटला नाही. आता गप्प बस. उगीच तोंड उघडून गाव नासवू नकोस. हेच देवाच्या मनात आहे.

धोंडे सोडले. सिद्रामअण्णानं एक पाय फळीवर ठेवला, नाडा दोन्ही हातांनी धरला. दगडोबाला दिसलं, चाकावरून जिथं नाडा वळत होता, तिथं वरच्या पिळाचं एक तूस उभं राहिलं होतं. फक्त एक. ते दुसऱ्या कुणाला दिसणारं नव्हतं.

तो ओट्यावर चढला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी त्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता, पण त्या क्षणी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाख कापायचा विळा त्याच्या कमरेलाच असायचा. त्यानं सिद्रामअण्णाला छातीवर ढकलून मागं सारलं आणि नाडा कचाकचा कापला.

बायका किंचाळल्या. गावातला एकुलता एक लांब नाडा होता तो. त्याचं एक टोक फळीसकट विहिरीत गेलं आणि खालून चिखलात पडल्याचा आवाज आला. चार-पाच जणांनी दगडोबाला धरलं.

"येड लागलं का रं?"

"हातातलं बगा," दगडोबा म्हणाला. "हातातलं बगा आधी."

त्याच्या हातात कापलेलं टोक होतं. बाहेर सोनेरी पदर आणि मधोमध काळा. त्यानं बोटानं तो काळा पदर उचकला. कुजलेला वाख ओंजळभर सुटून ओट्यावर पडला.

"वानवा हुती म्हणून घातलास?" शेषेरावानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. तो दगडोबाला सुटायला वाट देत होता.

दगडोबानं मान हलवली. "चांगला वाख घरी शिल्लक हाय. अण्णा पडावा म्हणून घातला. दगडोबानं न्हाई, दानिएलनं न्हाई. म्या घातला."

सिद्रामअण्णा ओट्याच्या कडेवर बसला. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत आली होती.

"म्या तुझं काय केलं?"

"बाहत्तरला. हिथंच. ही बसली हुती तिथं उनात, घागर घिऊन. तुमी म्हणलाव, आधी बैलं, मग माणसं."

सिद्रामअण्णा आठवू लागला. सगळ्यांना दिसत होतं की तो मनापासून आठवतोय. मग म्हणाला, "मला ध्यानात न्हाई रे. म्हणलो असंन. तवा समदेच तसं म्हणत हुते."

यापेक्षा त्यानं नाही म्हटलं असतं, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. दगडोबानं इतकी वर्षं जे आत जपून ठेवलं होतं, ते त्या माणसापाशी नव्हतंच.

"माझ्या ध्यानात हाय," केवळाबाई म्हणाली. ती घागर खाली ठेवून पुढं आली होती. अण्णाकडं बघून म्हणाली, "बैलाचा रंग बी ध्यानात हाय, मालक." मग नवऱ्याकडं वळली. "पर ह्ये म्या तुला सांगितलं नव्हतं कराया. माझ्या लेकराचं नाव ह्याच्यात घालू नगंस."

तेव्हा लोकांना कंठ फुटला. कुणी म्हणालं, बांधा त्याला. कुणी म्हणालं, मुरुडच्या पोलिसांना बोलवा. एकानं त्याच्या तोंडात मारली. दगडोबानं हात वर केला नाही. दुसऱ्यानं मारायला हात उगारला, तसा सिद्रामअण्णा बसल्या जागेवरून म्हणाला, "सोडा."

"अण्णा, जिवावर उठला हुता तुमच्या."

"उठला हुता. आन खाली बसला बी. सोडा त्याला." त्यानं ओट्यावर पडलेला काळा वाख चिमटीत धरून बघितला. मग दगडोबाला विचारलं, "घरात हाय त्या वाखात नाडा हुतो का?"

"अर्धा हुतो."

"आन बाकीचा?"

"बिलोलीकडं हिचं माहेर हाय. तिकडं नदीला पाणी आसतंय, अंबाडी भिजती. मेव्हण्याकडं मिळंल."

"परत येतोय कुठला?" गर्दीतून कुणी म्हणालं. "गेला की पळाला समजा."

सिद्रामअण्णा हो म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. क्षमेचा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि दगडोबानं तो मागितला नाही. अण्णा नुसता वेशीकडच्या वाटेकडं बघू लागला.

दगडोबानं विळा ओट्यावर ठेवला. डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. ओट्यावरून उतरताना तो लोकांकडं वळला आणि तेच म्हणाला, जे तो सगळं आयुष्य म्हणत आला होता.

"माझ्यावर ध्यान ठेवा."

आता कुणी हसलं नाही. धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला.

तो बिलोलीची एसटी धरायला मुरुडच्या वाटेला लागला. उन्हानं माळ पांढरा पडला होता, आणि वाटेत सावली म्हणून एक चिंच तेवढी होती, तिच्याखाली तो थांबला नाही. साहेबाची जीप समोरून धुरळा उडवत आली, तिला त्यानं बाजू दिली. लोक जीपकडं धावले, शेषेराव टोपी सारखी करत पुढं झाला. केवळाबाई ओट्यावर बसून सांडलेला काळा वाख ओच्यात गोळा करत होती, तिनं वाटेकडं मान वळवली नाही. सिद्रामअण्णा तेवढा विहिरीच्या कडेवर उठून उभा राहिला. साहेबानं त्याचं नाव विचारलं, ते त्याला ऐकू गेलं नाही. कपाळावर हात आडवा धरून, बाभळीच्या वळणाआड ते मुंडासं दिसेनासं होईपर्यंत, तो दगडोबावर ध्यान ठेवून होता.